लेगहॉर्नची पिल्लं घरी उबवताना: सप्टेंबर ते मार्च

5 सप्टेंबर 2023

देशी कोंबडा आज बहिणीकडे पोचवला. आता खुराड्यात सहा व्हाइट लेगहॉर्न तलंगा (तरुण कोंबड्या) आणि एक लेगहॉर्न कोंबडा एवढेच. तलंगा पाच महिन्यांच्या असताना 350 रुपयांना एक अशा आणल्या, कोंबडा 500 ला. गाव कऱ्हाडपासून अकरा किलोमीटरवर.

अंडी उबवायच्या मशीनची भानगड का, हे आधी सांगून टाकतो, कारण घरात पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न आहे. लेगहॉर्न सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. पिढ्यानपिढ्या अंड्यांसाठी निवडत निवडत तिच्यातली बसण्याची ओढच गेली आहे. अंडं घालते, ओरडून गाव गोळा करते आणि चालायला लागते. आईचं म्हणणं, "जिला स्वतःच्या अंड्यावर बसायचं कळत नाही ती कसली कोंबडी." आईच्या दोन देशी कोंबड्या वर्षातून तीनदा खुडूक होतात, त्या जोरावर हे बोलणं.

12 सप्टेंबर

मशीन तयार. मासळीवाल्याकडून थर्माकोलची मोठी पेटी 80 रुपये, डब्ल्यू 1209 थर्मोस्टॅट 190, बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा 110, अॅडॅप्टर 220, होल्डर-वायर-बल्ब 160, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल घड्याळ 260, जाळी आणि ट्रे 90. एकूण 1,110. पेटी बनवायला रविवारचा अख्खा दिवस गेला. काचेची खिडकी बसवताना थर्माकोल दोनदा फुटलं, त्यामुळे खिडकी वाकडी आहे.

उद्यापासून अंडी साठवायची.

20 सप्टेंबर, रात्री

आठ दिवसांत 36 अंडी. सहा कोंबड्या आणि दिवसाला साडेचार अंडी, म्हणजे कोणीतरी दांडी मारतंय. पाळीपाळीने मारत असतील असं धरून चाललोय. तीन अंडी बाजूला काढली: एकाला तडा, एक लांबुडकं, एकाचं कवच खरखरीत. 33 मशीनमध्ये ठेवली. साठवताना टोकाची बाजू खाली, घरातल्या सगळ्यात गार खोलीत. फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत.

थर्मोस्टॅट 37.5 वर. आर्द्रता 55 टक्के दाखवतेय. अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशी तीनदा फिरवणार. दुपारची पाळी आईची.

27 सप्टेंबर, सातवा दिवस

दिवे घालवून मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली. लेगहॉर्नचं कवच पांढरं, त्यामुळे आतलं स्वच्छ दिसतं. लाल कोळ्यासारखं जाळं, मधे ठिपका, आणि तो ठिपका हलतो. आईला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ठेव आता, गार होईल."

चार कोरी, म्हणजे बीजच न धरलेली निघाली, दोनमध्ये रक्ताचं कडं, म्हणजे सुरुवातीलाच मेलेली. 27 उरली.

29 सप्टेंबर

पहाटे उठलो तर पेटीत अंधार, तापमान 29. बल्ब उडालेला. एकच 60 वॅटचा लावला होता, हा मूर्खपणा. किती वाजता उडाला कोण जाणे. आता 40 वॅटचे दोन, समांतर जोडून. एक गेला तरी दुसरा पहाटेपर्यंत तग धरेल.

8 ऑक्टोबर, अठरावा दिवस

चौदाव्या दिवशी आणखी एक मेलेलं काढलं होतं, म्हणून 26. आजपासून फिरवणं बंद. पाण्याची वाटी मोठी केली, आर्द्रता 70 दाखवतेय. अंड्यातली हवेची पोकळी मला लहान वाटली, पण पहिल्यांदाच बघतोय, मोठी किती असते ते माहीत नाही. पुढे गेलो.

11 ऑक्टोबर, एकविसावा दिवस

काही नाही. अंड्यांना कान लावला. दोन-चारमधून टकटक ऐकू येतेय.

13 ऑक्टोबर

काल संध्याकाळी पहिली चोच, आज रात्रीपर्यंत दहा बाहेर. त्यातली दोन मी सोलून काढली. सोळा तास एकाच भोकाशी अडकलेली, बघवेना. कवच काढताना आतल्या पडद्यातून रक्त आलं, म्हणजे नसा अजून आटल्या नव्हत्या. दोन्ही तासाभरात गेली. बाकी आठ जगली आहेत, पण पोटं मऊ, फुगीर, आणि दोघांची बेंबी मिटलेली नाही. हळद लावली.

15 ऑक्टोबर

न फुटलेली सोळा अंडी अंगणाच्या कोपऱ्यात बसून एकेक फोडली. घाणेरडं काम आहे, पण हे केल्याशिवाय दुसरी खेप लावू नका. तेरामध्ये पूर्ण वाढलेलं पिल्लू, पिसांसकट, ओलंचिंब, चिकट द्रवात. पिवळं बलक पोटात अर्धवट ओढलेलं. म्हणजे बीज चांगलं होतं, वाढ झाली होती, शेवटच्या तीन दिवसांत मेली. दोष माझ्या पेटीचा.

एक: दोन दिवस उशीर आणि फुगलेली पोटं म्हणजे तापमान कमी. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर घेतला, पेल्यात कोमट पाणी घेतलं आणि थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार त्याच पाण्यात सोडली. दोघांचा आकडा जवळपास एकच. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मग तोच तापाचा थर्मामीटर अंड्यांमध्ये ठेवला: 36.4. तार मी बल्बपासून चार बोटांवर लटकवली होती! तिथे 37.5 झाले की बल्ब बंद, आणि अंडी तीन आठवडे थंडीत. तार आता अंड्यांच्या उंचीवर, पंख्याच्या झोतापासून बाजूला.

दोन: आर्द्रता. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, चार थेंब पाणी टाकून ओलसर केलं, पातळ नाही. ते झाकण आणि आर्द्रतेचं घड्याळ एका हवाबंद डब्यात रात्रभर. आत 75 टक्के व्हायला हवी. माझं घड्याळ 66 दाखवत होतं. नऊ टक्क्यांनी खोटं! म्हणजे मी 55 समजत होतो तेव्हा 64 होती आणि 70 समजत होतो तेव्हा 79. अंड्यातलं पाणी उडालंच नाही, हवेची पोकळी लहान राहिली, पिल्लू आतल्या आत बुडालं.

260 रुपयांच्या घड्याळावर तीन आठवडे विश्वास ठेवला आणि दहा पैशांच्या मिठाने ते उघडं पाडलं. ही परीक्षा आधी केली असती तर ही नोंद लिहावी लागली नसती.

19 ऑक्टोबर

आठांपैकी तिघांच्या अंगावर काळे ठिपके आहेत. पिवळ्या लवेत मिरीचे दाणे सांडल्यासारखे.

आधी वाटलं घाण लागली. पुसून बघितली, जात नाही. मग ट्यूब पेटली. लेगहॉर्नचा पांढरा रंग दबंग असतो, देशी कोंबड्याशी संकर झाला तरी पिल्लू बहुतेक पांढरंच निघतं, फक्त कुठेकुठे काळा शिंतोडा राहतो. आणि कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. मी देशी कोंबडा हलवल्यावर आठच दिवसांत अंडी साठवायला लागलो होतो. बहिणीकडे गेलेल्या त्या तांबड्या कोंबड्याची ही पोरं.

ठिपके तरी दिसले म्हणून कळलं. बाकीच्या पाचांतही त्याचं एखादं असेल, खात्री नाही. आठही पिल्लं अंड्यांसाठी आणि आमटीसाठी, पैदाशीसाठी एकही नाही. कोंबडा बदलला की तीन आठवडे थांबा. निदान मी तरी आता थांबणार.

23 ऑक्टोबर, रात्री

दुसरी खेप. 35 अंडी जमली. यातली 27 मशीनमध्ये आणि 8 आईच्या करड्या खुडूक कोंबडीखाली. हे आईचं आव्हान, मी नाही कशाला म्हणू.

उद्या दसरा. आपट्याची पानं आणायला गेलो होतो, म्हणून अंडी लावायला रात्रीचे दहा वाजले. दहा अंड्यांचं वजन करून ठेवलं: 548 ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आर्द्रता घड्याळात 42, म्हणजे खरी 51.

30 ऑक्टोबर

तीन कोरी. 24 मध्ये जाळं. करडीखालचं बघू देत नाही, हाताला टोचते.

5 नोव्हेंबर, तेरावा दिवस

दुपारी अडीचला लाइट गेली, सातला आली. साडेचार तास. पेटीला दोन घोंगड्या गुंडाळल्या, आत कोमट पाण्याच्या दोन बाटल्या, अंड्यांना न टेकवता. उघडून बघण्याचा मोह आवरला. लाइट आली तेव्हा आत 34 होते. या वयात अंडी स्वतःचीही थोडी ऊब तयार करतात, त्यामुळे तितकं घाबरायचं कारण नव्हतं. मी घाबरलो होतोच.

10 नोव्हेंबर, अठरावा दिवस

एक मेलेलं काढून 23 राहिली. खुणेची दहा अंडी पुन्हा काट्यावर: 480 ग्रॅम. 68 ग्रॅम उतरले, साधारण साडेबारा टक्के. अकरा ते चौदाच्या मधे हवं, म्हणजे बरोबर. हवेची पोकळी या वेळी अंड्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आणि तिरकी. मोठी म्हणजे काय ते आता कळलं.

12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरात अकरा माणसं, त्यात चार पोरं. दुपारी पहिल्या अंड्याला तडा गेला आणि पोरांनी पेटीभोवती रिंगण धरलं. एकदा झाकण उघडलं गेलं. उघडलं की आतली दमट हवा भुस्सकन जाते, पडदा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला आत फिरताच येत नाही. झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. वर कागद: "उघडेल त्याला करंजी नाही." वाकड्या खिडकीतून बघायला रांग लावली. फटाक्यांचं अंड्यांना काहीही होत नाही, हेही लिहून ठेवतो, कारण मला तिघांनी विचारलं.

13 नोव्हेंबर

रात्री नऊपर्यंत 20. तेवीसमधून वीस! मी एकालाही हात लावला नाही. सगळी सुकेपर्यंत पेटीतच ठेवली. पोटात बलक असतं, दिवस-दीड दिवस दाणा-पाणी नसलं तरी चालतं.

करडीने आठमधली सात काढली. हिशेब केला तर आई पुढे आहे.

16 नोव्हेंबर

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा: पुठ्ठ्याचं खोकं आणि 60 वॅटचा बल्ब. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातलं, ही चूक. दोन पिल्लांचे पाय फाकले, बेडकासारखी पडून राहिली. वर्तमानपत्र काढून पोत्याचं तरटाचं कापड घातलं. पायांना चिकटपट्टीची बेडी बांधली, दोन पायांत बोटभर अंतर. तीन दिवसांत दोघंही चालायला लागतील, असं आई म्हणते. (18 तारखेची भर: लागली.)

बल्बची उंची थर्मामीटरपेक्षा पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग केला तर थंडी, कडेला पळून चोच उघडली तर उकाडा, सगळीकडे विखरून चिवचिव असेल तर ठीक.

20 नोव्हेंबर

लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात. लस शंभर-दोनशे पिल्लांच्या कुपीतच मिळते, माझी वीस. शेजारच्या दोघांना आधी सांगून ठेवलं, त्यांनीही पिल्लं आणली, एका कुपीत 90 झाली. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. मागे एकदा मानमोडीने वाडीतली सगळी खुराडी रिकामी झाली होती, त्यामुळे या कामाला कोणी कंटाळा करत नाही.

2 डिसेंबर

करडीची तीन पिल्लं घारीने नेली, तीन दिवसांत तीन. मातीच्या रंगाची देशी पिल्लं आईच्या एका हाकेसरशी दिसेनाशी होतात, ही पिवळी-पांढरी पोरं अंगणात दिव्यासारखी चमकतात. उरलेली चार मशीनवाल्यांत मिसळली. करडी दोन दिवस डालग्याभोवती फिरत होती.

14 डिसेंबर

रक्ती हगवण. दोन गेली. कारण उघड आहे: पाण्याचं भांडं गळत होतं आणि त्याखालचं तूस आठवडाभर ओलं होतं. मला दिसत होतं. रोज उद्यावर टाकलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध पाच दिवस. तूस सगळं काढून जाळलं, खाली चुना भुरभुरवला, भांडं विटेवर ठेवलं. ती वीट पहिल्या दिवशी ठेवायला हवी होती.

10 जानेवारी 2024

दुसऱ्या खेपेची 22 पिल्लं. नर-मादी ओळखायला आता डोळे पुरतात. नरांचे तुरे महिन्याभरातच लाल होऊन वर आले होते. 12 नर, 10 माद्या.

बारा नरांचं करायचं काय, हा घरगुती लेगहॉर्नचा खरा प्रश्न, आणि तो कोणी आधी सांगत नाही. अंगावर मांस नाही. गिऱ्हाईक उचलून बघतं आणि ठेवून देतं. दहा जण 130 रुपयांनी गेले, तोवर प्रत्येकाने जवळपास तेवढंच खाद्य खाल्लं होतं. दोन ठेवले, तुरा सरळ आणि पाच दात्यांचा बघून.

17 फेब्रुवारी

उद्या तालुक्याच्या यात्रेत पशुपक्षी प्रदर्शन. मोठा कोंबडा आणि सहांतली सगळ्यात देखणी कोंबडी यांची जोडी लावणार. तिला आई मोरणी म्हणते. पाय हळदीसारखे पिवळे, पिसं अशी की आत्ताच इस्त्री केली. आयत्या वेळी काही झालं तर असावी म्हणून पायात हिरवी कडी असलेलीही बरोबर घेतोय. ती दिसायला उतरलेली आहे, पाय फिके, शेपटी झडलेली.

कोंबडा धुण्याची रीत: तीन घमेली, कोमट पाणी. पहिल्यात बाळाचा शांपू, पिसांच्या दिशेनेच हात फिरवायचा. दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यात नीळ, एक थेंब, पांढरेपणा खुलायला. पाय जुन्या टूथब्रशने. तुऱ्याला आणि लोळीला खोबरेल तेल, बोटावर राहील इतकंच.

निळीची बाटली तिरकी केली आणि थेंबाऐवजी धार लागली. मला वाटलं ढवळल्यावर जाईल. कोंबडा बाहेर काढला तर पंखांच्या टोकांना आणि मानेला आकाशी छटा. पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. रात्री साडेअकराला बायकोच्या हेअर ड्रायरखाली तो डोळे मिटून उभा होता. बायकोने एकदा दारातून बघितलं आणि न बोलता आत गेली.

18 फेब्रुवारी

बक्षीस नाही. पहिलं कडकनाथच्या जोडीला. गर्दी सगळी एका असील कोंबड्यापुढे, त्याच्याकडे बघितल्यावर माझ्याकडे बघायला लोकांना निळ्या कोंबड्याचंच कारण होतं. "कुठली जात हो ही?" असं दोघांनी गंभीरपणे विचारलं.

पण गेलो ते बरं झालं. परीक्षक पशुवैद्यकीय डॉक्टर होत्या. मोरणीला उचललं, काखेत धरली, शेपटी वर केली, पिसांवर फुंकर मारली. मग शेपटीखालच्या दोन बारीक हाडांच्या टोकांमध्ये बोट घातलं. एकच गेलं, तेही कसंबसं.

"दादा, ही अंडी घालते का?"

"सहा आहेत, रोज चार-साडेचार मिळतात."

"मी हिचं विचारतेय."

मला उत्तर येईना. त्यांनी पिंजऱ्यातल्या हिरवीकडे बोट केलं, ती काढायला लावली आणि माझाच हात धरून तिच्या हाडांवर ठेवला. माझी तीन बोटं आरामात बसली. मग त्यांनी समजावलं: मक्यातला पिवळा रंग कोंबडीच्या कातडीत साठतो, अंडी सुरू झाली की तो बलकात जायला लागतो. आधी शेपटीखालची जागा फिकी होते, मग डोळ्याची कड, कानाची पाळी, चोच, आणि सगळ्यात शेवटी पाय. म्हणजे हिरवीचे फिके पाय ही तिची कित्येक महिन्यांची मजुरी, आणि मोरणीचे हळदीचे पाय म्हणजे फुकटचं खाणं. "तुम्ही बिनकामाची सजवून आणलीत," असं म्हणून त्या पुढच्या पिंजऱ्याकडे गेल्या.

येताना जीपमध्ये मोरणी मांडीवर होती. दोन खेपांत 68 अंडी उबायला घातली, एकाचीही आई मला माहीत नाही. जे दोन नर तुरा बघून ठेवले त्यांचीही नाही.

25 फेब्रुवारी

सापळ्याच्या पेट्या केल्या, चार. जुन्या फळ्या, बिजागऱ्या 120 रुपये. कोंबडी आत शिरली की पाठीने आकडा सुटतो, दार पडतं. तासा-दीड तासाने कोणीतरी जाऊन सोडवायचं, कडीचा रंग बघायचा, अंड्यावर लिहायचं. पहिली पेटी उंचीला कमी पडली, कोंबडी शिरताना दार तिच्याच शेपटीवर पडलं आणि दिवसभर एकही आत जाईना. दार सहा बोटं वर घेतलं.

17 मार्च

एकवीस दिवसांचा हिशेब: हिरवी 18, पांढरी कडी 17, लाल 17, काळी 16, पिवळी 15. मोरणी 5. आईने यादी ऐकली. तिला बाजार दाखवायचा विषय काढला तर म्हणाली, "अंगणात शोभते." विषय तिथे संपला.

24 मार्च, होळी

तिसरी खेप, फक्त हिरवी आणि पांढरी कडी यांची 13 अंडी. मशीन माळ्यावरून काढून खालच्या मधल्या खोलीत आणलं, वर पत्रा तापतो. घड्याळाच्या आकड्यात नऊ मिळवून वाचायचं हे पेटीवर मार्करने लिहिलंय.

31 मार्च

तेरामधून बारांत जाळं. काल दुपारी तीनला खोलीतच 37 होते, बल्ब तासभर लागलाच नाही आणि तरी पेटीत 38.4 पर्यंत चढलं. झाकणाच्या फटीत दोन काड्यापेट्या आडव्या घातल्या, पंखा चालू ठेवला, पंधरा मिनिटांत 37.6. दुपारच्या पाळीवर आई आहे, तिला काड्यापेट्यांचं सांगून ठेवलंय. एक देवघरातली आहे, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी परत हवी म्हणाली.